वेणीच्या भागातली तिसरी बाई

'दारची जुई' मालिकेत नवीन माणूस येणार आहे हे वैजयंती धारपला रेखाकडून कळलं. रेखा गेली कित्येक वर्षं सेटवर तिचे केस करायची. अंबाड्याला शेवटची पिन खोचताना ती सहज म्हणाली, "तुमची नणंद येतीया म्हणं, ताई."

"मला नणंद कुठंय? पोतनिसांना दोन मुलगेच."

"मला काय म्हाईत. पर ती पहिल्यापास्नं हाय म्हणं."

वैजयंतीला हसू आलं. मालिकेला अठरा वर्षं झाली होती. कोल्हापूरबाहेरच्या माळावर पोतनिसांच्या घराचा सेट उभा होता, आणि त्या घरची थोरली सून इंदुमती म्हणजे वैजयंती. पडद्यावरचे सासरे गेले, सासू गेली, दिग्दर्शक बदलले, वाहिनी बदलली, इंदुमती राहिली. रस्त्यात अनोळखी बाया तिला वहिनी म्हणत, आपल्या सुनांच्या तक्रारी सांगत.

नवीन माणूस आणणं ही मात्र या मालिकेची दुखरी जागा होती. मागे अमेरिकेहून पुतण्या आणला, प्रेक्षकांनी त्याला महिन्यात परत पाठवला. मग चुलत घरातली सून आणली. तिचं काम चांगलं होतं, पण लोक म्हणाले, ही आमच्या घरातली वाटत नाही. अठरा वर्षं ज्या घरात आपण रोज जेवलो, तिथे उपरं कोणी ताट ओढून बसलं तर बघवत नाही, इतकं ते साधं होतं.

दुपारी निर्माते मकरंद शिरगावकरांनी सगळ्यांना सेटवरच्या माजघरात बसवलं. त्यांच्याबरोबर पुण्याहून आलेल्या डॉ. मनाली फडतरे होत्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलताना समोरच्याला कळतंय ना हे बघत थांबणाऱ्या.

"आपण समजतो, आठवण म्हणजे कपाटातला फोटो," त्या म्हणाल्या. "हवा तेव्हा काढला, पाहिला, ठेवून दिला. तसं नसतं. आठवण शाडूसारखी असते. एरवी वाळून टणक. पण ती काढली की तिच्यावर पाणी पडतं. काही तास ती मऊ राहते, आणि त्या वेळात जे बोट लागेल त्याचा ठसा तिच्यावर उमटतो. मग ती पुन्हा वाळते, ठशासकट. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे मेंदू वेगळं लिहून ठेवत नाही."

"म्हणजे आपण काही आठवलं की ते बिघडतं?" कुणीतरी विचारलं.

"नुसतं आठवून फारसं नाही. एक छोटा अपेक्षाभंग लागतो. जुना, आवडता प्रसंग दाखवायचा आणि शेवट येण्याआधीच तोडायचा. पुढचं तुम्हाला पाठ असतं आणि ते येत नाही. त्या क्षणी मेंदू ती आठवण उघडून बसतो. मग आजचा भाग दाखवायचा. भाग संपला की तोच जुना प्रसंग पूर्ण दाखवायचा, किंचित बदलून. पहिले काही दिवस नुसता आवाज. मग दारात सावली. मग हात. चेहरा सगळ्यांत शेवटी. कुठल्या घराला कुठला प्रसंग जवळचा आहे हे आजकालच्या टीव्हीला कळतं. बघणाऱ्याची नजर कुठे खिळते हे तो बघत असतो. त्याप्रमाणे प्रत्येक घराला वेगळा प्रसंग. आम्ही याला रुजवण म्हणतो."

"लोकांना सांगणार?" वैजयंतीने विचारलं.

"सुरुवातीला एक ओळ येईल," शिरगावकर म्हणाले. "'जुनी दृश्ये नव्या रूपात.' कायद्याला तेवढं पुरतं."

मागे बसलेली एक मुलगी उठून वैजयंतीच्या पाया पडायला आली. ईशानी गवस, सावंतवाडीची, चोविशीची. पोतनिसांची लेक नंदा म्हणून हिला रुजवायचं होतं. "ताई, मी तुम्हाला बघत मोठी झाले," ती म्हणाली.

हे वाक्य म्हणजे समोरच्याचं वय सांगायची सभ्य रीत, असं वैजयंतीला नेहमी वाटे. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

*

मुलगी काम छान करायची. दुःख तिथून सुरू झालं. वाईट असती तर वैजयंती तिला मायेने शिकवत बसली असती. पण ईशानीला कुठे थांबायचं ते कळायचं. एकदा संवादाआधी ती फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि कॅमेऱ्यामागची माणसं श्वास धरून बसली. शॉट संपल्यावर लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंतीनेही वाजवल्या. मेकअप रूममध्ये येऊन आरशासमोर बसली आणि तिच्या लक्षात आलं, आपणही पदराचं टोक बोटाला गुंडाळतो आहोत.

कामातला मत्सर तिच्या ओळखीचा होता. तो येतो, दोन दिवस जेवण कडू करतो, जातो. हा गेला नाही.

दोन महिन्यांनी ती मंडईत गेली. नेहमीच्या भाजीवाल्याने मेथीची जुडी पिशवीत टाकत विचारलं, "वहिनी, नंदाताई न्हाई आल्या?"

"ती कशाला येईल माझ्याबरोबर?"

"तसं न्हवं. लहानपणापास्नं बघतोय की तिला. शाळंत असताना पायात काटा गेलता, तुम्हीच न्हाई का काढला? माझी आई रडली हुती बघा त्या दिवशी."

काटा गेला होता तो धाकट्या दिराच्या पायात. सतरा वर्षांपूर्वी. वैजयंती पिशवी घेऊन निघाली. मालिका बघणाऱ्यांचा आकडा वर्षानुवर्षं गेला नव्हता इतका वर गेला. कोणी म्हणालं नाही की ही नवीन आली. पत्रं यायची ती अशी, की नंदाला इतकी वर्षं बाजूला का ठेवलंत, आता कुठे तिला न्याय मिळतोय.

वैजयंतीला वाटे, जाऊ दे, काटा नेला तर नेला. वेणीचा भाग तर माझा आहे.

तो भाग महाराष्ट्रात कुणाला सांगावा लागत नव्हता. सोळा वर्षांपूर्वीचा. धाकटा मुलगा गेल्यावर पोतनिसांच्या माईने, इंदुमतीच्या सासूने, बोलणं टाकलेलं असतं. घरातले हरतात. एके दुपारी इंदुमती काही न बोलता माईच्या मागे बसते आणि तिचे पांढरे केस विंचरायला घेते. विंचरून होतात, तीन पेडांची वेणी होते, आणि अचानक माईचा हात मागे येतो आणि इंदुमतीच्या गालावर टेकतो. बस, एवढंच. माईचं काम सरोजिनी देव करत. तो हात पटकथेत नव्हता. सरोजिनीबाईंनी तो त्या क्षणी आपणहून उचलला होता, आणि वैजयंतीच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. हे तिने शंभर मुलाखतींतून सांगितलं होतं. सरोजिनीबाई आता हयात नव्हत्या.

त्या भागामुळेच तिला नवरा मिळाला होता. हेमंत धारपचं राजारामपुरीत चष्म्याचं दुकान. त्याच्या आईला पक्षाघात झाला होता, वाचा गेली होती, आणि दवाखान्याच्या खोलीतल्या टीव्हीवर वेणीचा भाग लागला तेव्हा त्या माऊलीने आपला चांगला हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. महिन्याभरात तिने पहिला शब्द उच्चारला. हेमंत आभार मानायला सेटवर आला, परत आला, येत राहिला. पाहुणे आले की ही गोष्ट तो सांगे आणि वैजयंती स्वयंपाकघरात काहीतरी निमित्त काढून ऐकत उभी राहे.

त्या रविवारी हेमंतचा मित्र आणि त्याची बायको जेवायला आली होती. वैजयंती कढी गरम करत होती. बाहेर हेमंतने गोष्ट काढली.

"आई टक लावून बघत होती," तो सांगत होता. "माई पाटावर बसलेली, मागे नंदा तिची वेणी घालते आहे. वैजू दारात, तेलाची वाटी घेऊन उभी. आणि माईचा हात असा मागे येतो, नंदाच्या गालावर."

वैजयंतीने गॅस बंद केला. बाहेर आली. "कोणाच्या गालावर?"

"नंदाच्या." हेमंतने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा जरा बदलला. त्याला काहीतरी चुकलं असं वाटलं, पण काय ते कळलं नाही. "तू दारात होतीस ना."

पाहुणे गेल्यावर तिने टीव्हीवर तो जुना भाग काढला. स्वतःचं काम बघायची तिला सवय नव्हती. मालिका ती बघतच नसे. पडद्यावर ईशानी माईचे केस विंचरत होती, सोळा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याच्या पिवळसर उजेडात. केसांत बोटं फिरवायची तिची रीत सुंदर होती. दारात वाटी धरून आपण उभ्या होतो आणि आपले डोळे भरून आले होते.

"जुनी प्रत कुठे असेल तर शोध," ती म्हणाली. "तुझ्या फोनमध्ये होती ना?"

हेमंतने शोधली. तीसुद्धा आपोआप नवी झाली होती. "वैजू, मला जे दिसतं तेच मी सांगितलं. मी तुला मुद्दाम दारात उभं केलं नाही."

"ते मला कळतं."

"मग रागावलीस कोणावर?"

तिच्याकडे खरं उत्तर होतं, पण ते इतकं हलकं होतं की तिला ते नवऱ्यासमोर उच्चारवेना. माझ्या लग्नात दुसरी बाई येऊन बसली आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. तिने पाठ फिरवून भांडी आवरायला घेतली.

पुढचे काही आठवडे तिने ईशानीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मुलीच्या डब्यात कोणी वाटीभर सोलकढी पाठवली तरी तिला खुपे. रेखा ईशानीचे केस बांधत असली की ती उगाच हाक मारून रेखाला बोलावून घेई. ईशानी सर्दीने दोन दिवस आली नाही तेव्हा वैजयंतीला मोकळा श्वास घेता आला, आणि मग त्याची लाज वाटली, आणि लाजेमुळे मुलीचा आणखी राग आला.

*

मालिकेच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम थेट दाखवत होते. मंचावर सूत्रसंचालकाने वेणीचा भाग लावला आणि ईशानीला विचारलं, "सरोजिनीबाईंचा हात गालाला लागला तेव्हा काय वाटलं?"

ईशानी गडबडली. तिने वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीने तिच्या हातातला माइक घेतला.

"ती तिथे नव्हती," ती म्हणाली. "ते केस मी विंचरले. तो हात माझ्या गालावर आला. तुम्ही बघताय ते खोटं आहे, आणि तुमच्या डोक्यात आहे तेही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून एका बाईचा आवाज आला, "असं काय करता वहिनी, पोरीचं कौतुक बघवत नाही का?" आणि लोक हसले. वाईट हसले नाहीत. घरातल्या थोरल्या वहिनीचा तिरसटपणा बघून हसावं तसे हसले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच होतं. थोरलीला मत्सर वाटतो. आणि वैजयंतीला सगळ्यांत जास्त हेच लागलं, की ते खरं होतं. सत्य सांगताना तिच्या मनात सत्याचं काहीही पडलेलं नव्हतं. तिला त्या मुलीला दाराबाहेर घालवायचं होतं.

संध्याकाळी ईशानी तिच्या मेकअप रूममध्ये आली. दार लोटून घेतलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"ताई, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. मी तेव्हा आठ वर्षांची होते."

"मग काल का नाही बोललीस?"

"तुम्ही माइक घेतलात." मग ती म्हणाली, "आम्ही तो भाग सावंतवाडीत बघितला होता. आई माझ्या केसांना तेल लावत होती. तुम्ही वेणी घातलीत आणि आईचे हात माझ्या डोक्यावर थांबले. मला अजून आठवत होतं ते. अभिनय करायचं मी तिथे ठरवलं. परवा आईला फोनवर म्हटलं, आठवतं का? तर आई म्हणाली, हो, तू टीव्हीत होतीस ना, मी एकटीच बघत होते."

वैजयंतीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आणि आता मलाही नीट दिसत नाही," ईशानी म्हणाली. "डोळे मिटले की तिथे मीच असते. तुमचा चेहरा आणायला गेलं की येत नाही. तुम्ही मला सांगाल, खरं कसं झालं होतं ते?"

"नाही," वैजयंती म्हणाली. "एवढं एकच माझ्याजवळ उरलंय. तेही तुला देऊ?"

मुलगी मान हलवून निघून गेली. दार तिने आवाज न करता लावलं. वैजयंती बराच वेळ आरशात स्वतःच्या गालाकडे बघत बसली.

*

मूळ चित्रण नष्ट करायला कायद्याने बंदी होती. ते पुण्याला डॉ. फडतरेंच्या संस्थेत ठेवलेलं होतं. वैजयंतीने फोन केला तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या.

"तुम्हाला बघायचा हक्क आहे," तिला आत नेताना त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगते. मूळ बघून कुणाचं समाधान झालेलं मी अजून पाहिलेलं नाही."

"मला समाधान नकोय. मला माझ्या नवऱ्याला दाखवायचंय. तुमच्याच पद्धतीने. आधी तोडून, मग पूर्ण."

"करता येईल. आधी तुम्ही बघा."

खोली लहान होती. पडद्यावर शॉटच्या क्रमांकाची पाटी दिसली, मग माजघर. सरोजिनीबाई पाटावर बसल्या होत्या, जिवंत, पाठ ताठ. त्यांच्यामागे वैजयंती होती. एकतिशीची. ती खुर्चीत पुढे सरकली. मीच होते. केस विंचरून झाले, तीन पेड पडले, वेणी खाली आली.

आणि कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाचा आवाज आला, "हं, सरोजिनीताई, आता हात मागे. गालावर. छान. तसाच ठेवा."

हात आला. गालावर टेकला.

वैजयंतीने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तोच आवाज. तिला तो आवाज अजिबात आठवत नव्हता. हात आपणहून आला होता. सरोजिनीबाई नंतर तसं म्हणाल्याही होत्या. की ते आपणच पहिल्या मुलाखतीत म्हणालो, आणि त्यांनी फक्त मान डोलावली?

"तुम्ही ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "दर वेळी ती ओली होते. दर वेळी समोरच्याचा चेहरा बघून आपण ती थोडी सुधारतो. रुजवण आम्ही शोधली नाही, बाई. आम्ही फक्त ती घाईने करायला शिकलो."

वैजयंतीचं लक्ष मात्र आता दुसरीकडे गेलं होतं. माजघराच्या दारात एक बाई उभी होती. साधी नऊवारी, हातात वाटी. घरातली कामवाली असावी, संवाद नव्हता. माईचा हात वर जाताना त्या बाईने चटकन एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं, जणू तिलाही तिथे जायचं होतं. पूर्ण चौकटीत तेवढी एकच हालचाल कोणी सांगून केलेली नव्हती.

"ही कोण?"

"आम्हाला माहीत नाही," डॉ. फडतरे म्हणाल्या. "नंदाचा चेहरा आम्ही पहिल्यांदा हिच्याच जागी बसवला. दारात आधीच कोणी उभं असलं की सोपं जातं. बघणाऱ्याला तिथे माणूस असल्याची सवय असते, फक्त ते कोण हे आठवत नसतं. पुढे नंदाला आत आणलं तेव्हा ती जागा रिकामी झाली. तिथे तुम्हाला ठेवलं."

म्हणजे ती मुलगी आपल्या जागेवर बसली, आणि आपण हिच्या. आणि सोळा वर्षं, शंभर मुलाखती, एकदाही आपण म्हणालो नाही की त्या खोलीत आम्ही तिघी होतो.

डॉक्टरांनी प्रत तयार ठेवली होती. वैजयंती ती न घेता निघाली.

*

घरी आल्यावर तिने हेमंतला सगळं सांगितलं. दिग्दर्शकाच्या आवाजाबद्दलही सांगितलं. तो चष्म्याची काच पुसत ऐकत होता.

"मला वाटलं, तू प्रत आणशील," तो म्हणाला. "मला दाखवायला."

"आणणार होते. तुला मी वेणी घालताना दिसावी म्हणून."

हेमंतने चष्मा खाली ठेवला. "वैजू, खरं सांगू? त्या दिवशी मी पडद्याकडे बघितलंच नव्हतं. मी आईकडे बघत होतो. तिचा हात उठला तो मला दिसला, टीव्हीवर काय चाललंय ते नंतर घरी येऊन बघितलं. तुझे आभार मानायला यायचं म्हणून."

"मग माझ्या प्रेमात कधी पडलास?"

"सेटवर आलो तेव्हा. तू जेवायला बसली होतीस आणि भाजीत मीठ नाही म्हणून कुणालातरी झापत होतीस. मला वाटलं, ही घरात असली तर घर जागं राहील."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "इतकी वर्षं मग ती गोष्ट का सांगत होतास?"

"तुला आवडायची."

ज्या जागेवरून ती त्या मुलीशी इतके दिवस मनातल्या मनात भांडत होती, तिथे नवऱ्याने तिला कधी पाहिलेलंच नव्हतं.

सकाळी सेटवर तिने रेखाला विचारलं. रेखा मालिका बघत नसे. दिवसभर इथं तेच बघायचं आन घरी जाऊनबी तेच होय, असं तिचं म्हणणं. वाटी धरलेली बाई म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "शालन मगदूम. इचलकरंजीची. हातमागाची नऊवारी सोताची घेऊन आलती, सेटवरची नेसना. का ओ?"

वैजयंती ईशानीच्या खोलीत गेली. मुलगी संवाद पाठ करत होती.

"उद्या सुट्टी आहे," वैजयंती म्हणाली. "माझ्याबरोबर इचलकरंजीला येशील? वाटेत तुला सांगते, खरं कसं झालं होतं ते. मला तरी आता जेवढं माहीत आहे तेवढं."

*

शालन मगदूम मॅक्सी शिवायची. पुढच्या खोलीत दोन यंत्रं, कापडाचे ढीग, भिंतीवर टीव्ही. दारात वैजयंती आणि ईशानी दिसल्यावर ती मोजायची टेप गळ्यात तशीच ठेवून उठली.

"वहिनी तुम्ही? आन ही... बसा की. आलासा तरी कशापाय?"

"तुम्हाला भेटायला," वैजयंती म्हणाली. "वेणीच्या भागात तुम्ही दारात होता."

शालनने पटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. आतून तिची मुलगी प्राची पाण्याचे पेले घेऊन आली. कॉलेजात जाणारी, आईसारखंच रुंद कपाळ. पाहुण्यांना ओळखून ती आधी फुलली, आणि मग कशाबद्दल बोलणं चाललंय हे कळताच तिचा चेहरा उतरला.

"आईने तुम्हाला पण सांगितलं का?" ती ओशाळून म्हणाली. "सॉरी हं. ती सगळ्यांना सांगते, मी वेणीच्या भागात होते म्हणून. लहानपणी मीही मैत्रिणींना सांगायचे. माझ्या साखरपुड्यात तिने सासरच्यांना सांगितलं, त्यांनी तिथेच फोनवर लावून बघितला, तर दारात तुम्ही. ते अजून हसतात. मी आईला म्हटलंय, आता पुरे कर."

शालन टेपची गुंडाळी करत होती, सोडत होती, पुन्हा करत होती.

ईशानी म्हणाली, "प्राची, मी किती वर्षांची दिसते तुला?"

"पंचवीस?"

"चोवीस. तो भाग सोळा वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा मी तिसरीत होते आणि सावंतवाडीत होते. त्या खोलीत मी कधीच नव्हते. मला नंतर घातलंय."

प्राची तिच्याकडे बघत राहिली. मनात हिशेब चालल्याचं दिसत होतं, आणि तो बरोबर येत होता, तरी तिला जे दिसत होतं ते पुसलं जात नव्हतं. "पण मग तिथे आई होती, हे कोणी बघितलंय?"

शालनने मान वर केली नाही.

वैजयंतीने पुण्याला पाहिलेली चौकट डोळ्यांसमोर आणली. त्याच्यापलीकडे तिच्याजवळ काहीच नव्हतं. त्या दुपारची ही बाई तिला आठवत नव्हती. पडद्यावर बोट ठेवून दाखवल्यासारखी फक्त माहीत होती.

"मी बघितलंय," ती म्हणाली. "मला चांगलं आठवतंय. तुझी आई दारात होती. स्वतःची नऊवारी नेसून आली होती. वाटीत कढत तेल होतं, म्हणून तिने ती पदरात धरली होती. मी वेणी घालत असताना माझं सारखं लक्ष जात होतं, हिचा हात भाजत असेल म्हणून. शॉट संपल्यावर मी पहिलं तेच विचारलं. आणि माईंचा हात वर गेला ना, तेव्हा तुझी आई एक पाऊल पुढे आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तो सगळा भाग खरा वाटतो तो त्या पावलामुळे."

प्राचीने आईकडे पाहिलं. "आई, हात भाजला होता? हे कधी बोलली नाहीस."

शालनने वैजयंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "भाजला हुता थोडा."

प्राची खाली बसली आणि आईचा हात हातात घेऊन तळवा उलटसुलट करून बघू लागली, जणू खूण अजून असेल. ईशानी खिडकीबाहेर बघत होती.

चहा झाला, चिवडा झाला. प्राचीने सासूला व्हिडिओ कॉल लावून वैजयंतीकडून तेच सगळं पुन्हा वदवून घेतलं. या वेळी तेल जास्त कढत होतं. निघताना शालन गाडीपर्यंत आली. मुलगी मागे दारात राहिली होती.

"ताई," शालन हळूच म्हणाली, "वाटी रिकामी हुती. साडीवर सांडंल म्हणून त्यांनी तेल घातलंच न्हवतं."

वैजयंतीने वळून दारातल्या प्राचीकडे पाहिलं.

"असू द्या," शालन म्हणाली. "पोरीला गरमच ऱ्हाऊ द्या."

गाडी निघाली. ईशानीने काही विचारलं नाही, आणि वैजयंतीला ते बरं वाटलं. तिने डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. माजघर आलं, पाट आला, सरोजिनीबाईंची ताठ पाठ आली. केसांत बोटं कोणाची आहेत हे बघायला ती थांबली नाही. तिने दाराकडे पाहिलं. तिथे शालन उभी होती, आणि हात भाजू नये म्हणून तिने वाटी पदरात धरली होती.